सुईच्या जोडीची धग

हा जो धूर दिसतोय ना, तो उदबत्तीचा नाही. चीनमधल्या पारंपरिक औषधांच्या हॉस्पिटलात ॲक्युपंक्चरच्या विभागाकडे जाताना आधी हाच वास येतो, सुकलेलं गवत आणि धूप यांच्या मधला काहीतरी, कपड्यांना धरून बसणारा. आत पेशंट पालथे झोपलेत, कुणाच्या कमरेत नुसत्या सुया आहेत, आणि कुणाच्या सुईच्या वरच्या टोकाला करड्या रंगाची गोळी खोचलीय, ती सावकाश जळतेय आणि तिची धग खाली उतरतेय.

आपण या सगळ्याला ॲक्युपंक्चर म्हणतो, म्हणजे सुई टोचणं. चिनी माणूस म्हणतो झेन-जिऊ. झेन म्हणजे सुई आणि जिऊ म्हणजे हा शेक. जिऊचं अक्षर लिहितात तेव्हा वरच्या भागाचा अर्थ असतो 'बराच वेळ' आणि खालचा भाग म्हणजे 'आग'. नाव एक, पण उपचार दोन, आणि चीनबाहेर पडताना गाजली ती फक्त सुई. युनेस्कोने 2010 मध्ये या परंपरेला वारसा यादीत घेतलं तेव्हा मात्र दोन्ही नावं सोबत घेतली, आणि मला ते फार बरं वाटलं, कारण आजचा व्हिडिओ मुख्यतः या मागे राहिलेल्या आगीबद्दलच आहे.

जळतंय ते काय? चिनी नाव आय-त्साओ. आपला दवणा माहितीय ना, जोतिबाला वाहतात तो, त्याच्याच कुळातली वनस्पती. हूपेइ प्रांतात छीचुन नावाचा भाग आहे, थोर वैद्य ली शिझेन यांचं जन्मगाव तिथलंच, आणि तिथला आय सगळ्यात भारी मानतात. चिनी पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे दुआनवू सणाला, लोक याच्या जुड्या दाराला बांधतात, आपण दसऱ्याला तोरण बांधतो तसं. त्याच सुमाराला कापणी. मग पानं वाळवायची, कुटायची, चाळायची, परत कुटायची, देठ-शिरा सगळं निघून जातं आणि हातात राहतो कापसासारखा मऊ लोकरी गोळा. जितका जुना तितका चांगला, कारण ताज्याची आग भडक असते आणि मुरलेल्याची मवाळ. सात वर्षांच्या दुखण्याला तीन वर्षं जुना आय शोधावा लागतो असं मेन्शियस हा तत्त्वज्ञ इसवी सनाच्या 300 वर्षं आधीच्या काळात म्हणून गेला, म्हणजे तेव्हाच ही गोष्ट लोकांच्या तोंडात होती.

1973 मध्ये हूनान प्रांतात मावांगतुई इथे एका थडग्यातून रेशमी कापडावरचे ग्रंथ निघाले, थडगं इसवी सन पूर्व 168 मधलं. त्यात अंगातल्या 11 वाहिन्यांचं वर्णन आहे, कुठली बिघडली तर काय दुखतं तेही आहे, आणि उपाय एकच, शेक द्या. सुईचा पत्ताच नाही! सुया सापडतात त्या हपेइमधल्या एका राजपुत्राच्या थडग्यात, इसवी सन पूर्व 113 च्या, सोन्याच्या आणि चांदीच्या. म्हणजे हातात असलेल्या पुराव्यांत तरी धग आधी येते, सुई नंतर.

आता फायद्याकडे येऊ, आणि इथे मला सगळ्यात जास्त थांबायचंय ते एका करंगळीवर. पायाच्या करंगळीच्या नखाचा बाहेरचा कोपरा. सुई किंवा शेक द्यायची अंगावरची ठरलेली जागा म्हणजे बिंदू, आणि या बिंदूला झियीन म्हणतात. पोटातलं बाळ पायाळू असेल, म्हणजे डोकं वर आणि पार्श्वभाग खाली, तर चिनी सुईणी-वैद्य पूर्वीपासून इथे शेक देत आलेत. बाळाचा आणि पायाच्या करंगळीचा काय संबंध, असं कुणीही विचारेल, मीही विचारलं होतं. 1998 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात चीनच्या जिआंग्शी प्रांतातला अभ्यास छापून आला. पहिलटकरणी, 33 वा आठवडा, बाळ उलटं, अशा 260 जणी. निम्म्यांना शेक, म्हणजे आयची जळती कांडी बिंदूजवळ धरायची, कातडीला लावायची नाही, एकेका पायाला 15 मिनिटं, आठवडाभर आणि गरज पडली तर आणखी एक आठवडा. 35 व्या आठवड्यात शेक घेतलेल्या 130 पैकी 98 जणींच्या बाळांचं डोकं खाली आलेलं होतं. न घेतलेल्या 130 पैकी 62. बाळ आपोआपही वळतं, ते त्या 62 वरून दिसतंच, पण मधला फरक बघा केवढाय. पुढे इटलीत केलेल्या अभ्यासात असा फरक दिसला नाही हेही सांगायलाच हवं. पण नंतर सगळे अभ्यास एकत्र मांडून बघितले तेव्हा कौल शेकाच्या बाजूनेच झुकला, आणि एवढ्या साध्या गोष्टीने एखादं सिझेरियन टळत असेल तर डॉक्टरांना विचारून करून बघायला काय हरकत आहे. विचारून मात्र, स्वतःच्या मनाने नाही.

सुईचं नाव जगभर झालं ते 1971 च्या जुलैमध्ये. जेम्स रेस्टन नावाचा अमेरिकन पत्रकार बीजिंगमध्ये होता, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ते नेहमीची भूल देऊनच झालं, पण नंतर पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या आणि पोटाजवळ आय जाळून शेक दिला. त्याने हे पेपरात लिहिलं आणि अमेरिकेत एकच चर्चा. यातही शेक होताच, लोकांना लक्षात राहिली ती सुई.

कंबरदुखीचं बोलायचं तर जर्मनीने मनावर घेऊन मोठा अभ्यास केला, 2007 मध्ये निकाल आला, जुनाट कंबरदुखीचे 1,162 पेशंट. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांत 27 टक्क्यांना फरक पडला, ॲक्युपंक्चरवाल्यांत जवळपास 48 टक्क्यांना. पण बिंदू सोडून भलतीकडे वरवर सुया टोचलेल्यांतही 44 टक्क्यांना बरं वाटलं. विरोधक म्हणतात, बघा, बिंदू वगैरे सगळं खोटं. मला तो आकडा वेगळा दिसतो, सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं हे 1970 च्या दशकातल्या प्रयोगांपासून दिसत आलंय, आणि ज्याची कंबर वर्षानुवर्षं धरलीय त्याला 27 आणि 48 मधला फरक फार मोठा असतो.

मळमळीचा बिंदू तर तुम्ही आत्ता शोधू शकता. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतात त्यांच्या मधोमध, नाव नेइग्वान. ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर याचा उपयोग होतो याचे पुरावे चांगले आहेत. घाटात गाडी लागत असेल तर इथे अंगठ्याने दाबून बघा.

पाठीवर गोल लाल वण दिसतात ना खेळाडूंच्या, ते कपिंग. पेल्यात क्षणभर आग फिरवायची आणि लगेच पाठीवर पालथा घालायचा. आपल्याकडे वैदू तुंबडी लावायचे, तेच तत्त्व. आखडलेल्या मानेला थोडे दिवस आराम मिळतो, त्याहून मोठे दावे मी करणार नाही.

आता काळजीचं. डायबेटिसमुळे पायाला चटका कळत नसेल तर शेक घेऊ नका, भाजून फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. दम्याच्या पेशंटला धूर सोसत नाही. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होते, दुर्मीळ आहे पण होते. आणि कॅन्सर, लकवा असल्या आजारात डॉक्टरचं औषध बंद करून इकडे यायचं नाही.

ही विद्या आपल्या देशात आली त्यातही जुनी ओळख होती. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धात सापडलेल्या चीनला मदत करायला गेले, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बिजय बसू आणि आणखी दोघं. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. बसू परतले, पण 1950 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात पेशंट बघायला लागले.

महाराष्ट्रात आता यासाठी 2015 चा वेगळा कायदा आहे, म्हणून जाल तिथे नोंदणी आहे का ते आधी विचारा, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, आणि नुसत्या सुया लावता की जिऊ पण करता, तेही विचारा.