पाठीवर बिऱ्हाड, हातात बॉल

(दृश्य: सकाळचे सहा. कर्वेनगरमधलं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. ढगाळ उजेड.)

रात्रभर पाऊस कोसळून गेलाय. कोर्टच्या मधोमध तळं साचलंय. चौघी मुली लांब दांड्याचे वायपर घेऊन पाणी कडेला लोटतायत. पाचवी फाटकातूनच ओरडते, ‘‘ताई, आज बॉल कोण आणणार?’’

आमच्याकडे या प्रश्नाचे दोन अर्थ होतात. एक अगदी साधा. बॉलची जाळी काल कुणाच्या घरी गेली होती? दुसरा खेळातला. समोरच्या संघाने बास्केट केली, आता आपल्या रिंगखालून बॉल घेऊन पलीकडच्या अर्ध्यात कोण जाणार? कोर्ट २८ मीटर लांब. मधली रेषा आठ सेकंदांत ओलांडायची, चोवीस सेकंदांच्या आत बॉल रिंगकडे गेला पाहिजे. समोर एकजण अंगाला चिकटून उभी, कडेने आरडाओरडा, आणि त्यातच आपल्या चौघींना सांगायचं, कुणी कुठं पळायचं. हे जी करते ती पॉइंट गार्ड.

मी शाळेपासून याच जागेवर खेळले. आता शिकवते. दर वर्षी नव्या मुली आल्या की पहिल्या पावसात, कोर्ट वाळायची वाट बघत पायऱ्यांवर बसलो की मी त्यांना एका माणसाची गोष्ट सांगते. त्याचं पोस्टर कुणाच्या खोलीत लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्याचं नाव केविन ऑली, अमेरिकेतला एक पॉइंट गार्ड.

(दृश्य: पायऱ्यांवर बसलेल्या मुली. एकीच्या मांडीवर बॉल.)

जन्म २७ डिसेंबर १९७२, टेक्सासमधलं डॅलस. वाढला लॉस एंजेलिसमध्ये, क्रेनशॉ हायस्कूलकडून खेळला, आणि १९९१ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला कनेटिकट विद्यापीठात गेला. तिथले कोच जिम कॅलहून. संघात पुढे रे ॲलन आला, जो नंतर एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, सर्वांत अचूक नेमबाजांत गणला गेला. ॲलनच्या हातात बॉल योग्य वेळी, योग्य उंचीवर पोचवणं हे ऑलीचं काम.

एनबीएचे संघ दर वर्षी नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये ५८ नावं पुकारली गेली. ऑलीचं नाव त्यात नव्हतं.

मग त्याने दुय्यम लीगमधला कनेटिकट प्राइड हा संघ धरला. एनबीएचं दार उघडलं १९९७ मध्ये, आणि तेही किलकिलं. इथून त्याची खरी वणवण सुरू होते.

पुण्यात भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला ११ महिन्यांचा करार माहीत आहे. करार संपत आला की पोटात गोळा येतो. घरमालक वाढवून देतील का? नाही दिला तर पुन्हा खोकी भरा, पुन्हा टेम्पो बोलवा, पुन्हा नव्या गल्लीत दूधवाला शोधा. एनबीएमध्ये याहून छोटा करार असतो. दहा दिवसांचा. मोसम अर्धा झाला, कुणी जखमी झालं, की संघ बाहेरच्या खेळाडूला दहा दिवसांसाठी बोलावतो. पटलं तर आणखी दहा दिवस. त्यानंतर मात्र त्या संघाला ठरवावं लागतं, उरलेल्या मोसमासाठी ठेवायचं की निरोप द्यायचा. ऑलीने असे दहा-दहा दिवस अनेकदा काढले.

डॅलस. ऑर्लँडो. सॅक्रामेंटो. फिलाडेल्फिया. न्यू जर्सी. पुन्हा फिलाडेल्फिया, आणि त्या वेळी ॲलन आयव्हरसनचा तो संघ २००१ च्या अंतिम फेरीत पोचला. मग शिकागो, इंडियाना, मिलवॉकी. मिलवॉकीत कॉलेजचा सोबती रे ॲलन भेटला, आणि फेब्रुवारी २००३ मध्ये दोघांनाही एकाच व्यवहारात सिॲटलला पाठवलं गेलं. पलीकडून मिलवॉकीला आला गॅरी पेटन. वर्तमानपत्रांचे मथळे अर्थातच ॲलन आणि पेटनचे. ऑली त्या यादीत खालच्या ओळीत.

पुढचा मोसम क्लीव्हलँडमध्ये. तिथे अठरा वर्षांचा एक मुलगा नुकताच शाळेतून थेट एनबीएत आला होता, लेब्रॉन जेम्स. मग फिलाडेल्फिया, या वेळी चार वर्षं टिकला. नंतर मिनेसोटा, आणि शेवटी २००९-१० मध्ये ओक्लाहोमा सिटी. तेरा मोसम, बारा संघ. त्यात एक गंमत आहे, ती मुलींना फार आवडते. सिॲटलचा संघच २००८ मध्ये उठून ओक्लाहोमा सिटीला गेला होता. म्हणजे ऑली ज्या घरातून निघाला, ते घरच दुसऱ्या गावाला जाऊन त्याची वाट बघत होतं.

आकडे सांगायचे तर साडेसहाशेहून जास्त सामने, आणि सामन्यामागे सरासरी चार गुणसुद्धा नाहीत. मुली इथे हमखास विचारतात, ‘‘मग ताई, त्याला ठेवायचे कशाला?’’

(दृश्य: कोर्टच्या कडेला, सिमेंटवर खडूने काढलेली पाच वर्तुळं. त्यावर बाटल्यांची झाकणं ठेवलेली.)

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इथे मी थांबते आणि खडू काढते.

ही पाच झाकणं म्हणजे आपल्या पाचजणी. हे निळं झाकण म्हणजे उंच मुलगी. ती येऊन पॉइंट गार्डच्या अंगावरच्या खेळाडूला आडवी उभी राहते. भिंतीसारखी, हलायचं नाही. याला स्क्रीन म्हणतात. गार्ड त्या भिंतीला खांदा घासून निघते. इतकी जवळून, की मध्ये वहीचं पान जाऊ नये. आता समोरच्या दोघींना ठरवावं लागतं, बॉलमागे कोण जाणार. ठरवायला त्यांना अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात उंच मुलगी वळून रिंगकडे सुटते आणि पास तिच्या छातीशी पोचलेला असतो. उरलेल्या तिघी कुठे आहेत, यावर हे सगळं अवलंबून. एक जरी चार पावलं आत सरकली तरी वाट बंद.

बाकीच्या खेळाडूंना आपापली जागा पाठ असली तरी भागतं. पॉइंट गार्डला पाचही जागा पाठ लागतात. प्रत्येक संघात याच चालीला वेगळं नाव, वेगळी खूण. कुठे वर धरलेली मूठ, कुठे दोन बोटं, कुठे डोक्यावर थाप. दहा दिवसांसाठी आलेल्या माणसाला पहिल्याच रात्री ती सगळी भाषा शिकावी लागते, कारण उद्या संध्याकाळी कदाचित तीनच मिनिटं मिळतील आणि त्या तीन मिनिटांत चुकायची सोय नाही. ऑलीने हे बारा संघांत केलं. लॅरी ब्राउनसारख्या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली केलं, आयव्हरसनसारख्या, बॉल कायम स्वतःच्या हातात लागणाऱ्या खेळाडूशेजारी केलं. बाकावर बसून त्याने जे पाहिलं, ते गुणांच्या तक्त्यात कुठून दिसणार? माझं ठाम मत आहे, त्याचं कोच होणं त्या बाकांवरच सुरू झालं होतं.

ओक्लाहोमा सिटीत ते उघड झालं. आदल्या मोसमात त्या संघाने ८२ पैकी फक्त २३ सामने जिंकले होते. केविन ड्युरँट एकवीस वर्षांचा, रसेल वेस्टब्रूक दुसऱ्याच वर्षात. सदतिशीतला ऑली तिथे फारसा खेळला नाही. संघाने त्या मोसमात ५० सामने जिंकले. हे सगळं त्याच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, ड्युरँट त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा खेळाडू होता. पण खुद्द ड्युरँटने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की संघाची वागण्याची, कामाची सगळी रीत बदलली ती ऑलीमुळे. योगायोग बघा, त्या संघाचा कोच स्कॉट ब्रूक्स. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, तोही संघ बदलत फिरलेला पॉइंट गार्ड. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम कोच ठरला.

(दृश्य: कोर्ट वाळतंय. पहिला बॉल टप्पा घेतो.)

२०१० मध्ये ऑली परतला तो कनेटिकट विद्यापीठात, कॅलहून सरांचा सहायक म्हणून. पुढच्याच वर्षी संघ राष्ट्रीय विजेता. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कॅलहून निवृत्त झाले. मुख्य कोचची खुर्ची एकोणचाळीस वर्षांच्या ऑलीला मिळाली. करार किती दिवसांचा? सात महिन्यांचा! आपल्या भाडेकरारापेक्षाही चार महिने कमी.

वर घर गळकं. आधीच्या वर्षांतल्या खेळाडूंची अभ्यासातली प्रगती नियमात बसत नव्हती, म्हणून त्या मोसमात संघाला राष्ट्रीय स्पर्धा खेळायलाच बंदी होती. काही चांगले खेळाडू निघून गेले. विचार करा, शर्यतीच्या शेवटी रिबीनच नाही हे माहीत असताना मुलांना रोज पहाटे पळायला कसं उठवायचं? ऑलीने उठवलं. तो त्यांना सांगायचा, सरकत्या जिन्याने जायचं नाही, पायऱ्या चढायच्या. हे मी पोरींना सांगते तेव्हा जास्त समजवावं लागत नाही. रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्या माझ्याबरोबर चढतातच. बंदीच्या त्या मोसमात संघाने ३० पैकी २० सामने जिंकले. डिसेंबरमध्येच ऑलीला पाच वर्षांचा करार मिळाला होता.

मग आला २०१४ चा मार्च. आठ तारखेला लुईव्हिलने या संघाला ३३ गुणांनी धुऊन काढलं. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात सातवं मानांकन. सातवं मानांकन असलेला संघ तोवर कधीच विजेता झाला नव्हता. पहिला सामना सेंट जोसेफ्सशी, तिथेच गाशा गुंडाळायची वेळ आली होती. जादा वेळेत वाचले. मग व्हिलानोवा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट. उपांत्य फेरीत फ्लोरिडा, ज्याला स्पर्धेतलं सर्वांत वरचं मानांकन होतं.

अंतिम सामना ७ एप्रिलला, आर्लिंग्टनमध्ये. डॅलसच्या शेजारी. ज्या गावात जन्म, ज्या गावाने एनबीएचं पहिलं दार उघडलं, त्याच्याच कुशीत. समोर केंटकी, उंच आणि दणकट पोरांचा संघ. ऑलीकडे दोन बुटके गार्ड, शबाझ नेपियर आणि रायन बोटराइट. दोघेही बॉल आणू शकणारे. एकाला अडवलं तर दुसरा. पूर्ण सामन्यात कनेटिकट एकदाही मागे पडलं नाही. निकाल ६०-५४.

या सामन्यातला एक आकडा मी आमच्या जाळीच्या दाराशी खडूने लिहून ठेवलाय. फ्री थ्रो. घड्याळ थांबलेलं, अंगावर कुणी नाही, ४.६ मीटरवरून एकट्याने बॉल टाकायचा. कनेटिकटने दहापैकी दहा टाकले. केंटकीने चोवीसपैकी तेरा. सहा गुणांनी हरलेल्या संघाने अकरा फुकटचे गुण सोडले होते. दमलेल्या हातांनी दहापैकी दहा, हे त्या रात्री जमलेलं नव्हतं. ते कुठल्या तरी रिकाम्या, थंड जिममध्ये आधीच जमून गेलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, पण गाळत नाही. नंतरच्या वर्षांत संघ घसरला, दोन मोसम हरण्याचे गेले. २०१८ मध्ये नियमभंगाच्या चौकशीच्या काळात विद्यापीठाने त्याला काढलं. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना एनसीएए, तिने त्याच्यावर तीन वर्षांचे निर्बंध घातले. दुसरीकडे कराराचे पैसे देण्यावरून वाद चालला, आणि २०२२ मध्ये लवादाने विद्यापीठाला त्याला १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायला सांगितलं. मुलींना मी दोन्ही बाजू सांगते. आवडत्या माणसाची गोष्ट अर्धी सांगणं मला पटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनबीएतल्या ब्रुकलिन नेट्सने आपला कोच बदलला आणि उरलेल्या २८ सामन्यांसाठी हंगामी कोच नेमला तो ऑली. हेच नेट्स न्यू जर्सीत असताना तो त्यांच्याकडून खेळला होता. मोसम संपला, संघाने नवा कोच आणला, आणि ऑलीने पुन्हा बॅग भरली.

(दृश्य: कोर्ट आता कोरडं. दोन संघ.)

भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये याच पुण्याची. माझ्या पोरींच्या तोंडी तिचं नाव रोज असतं, आणि असावंच. पण पंधरा मुलींच्या संघात पाच खेळतात, दहा बाकावर बसतात. माझा जीव त्या दहांमध्ये जास्त अडकतो. मीही तिथे बसलेय. घरी जाताना आईने ‘‘खेळवलं का गं?’’ विचारलं की बॅगेची चेन उगाच उघडझाप करायची, ते मला आठवतं.

त्यातली एक, अकरा वर्षांची. ड्रिबल करताना अजून बॉलकडे बघते. आमच्या बॉलवरचे दाणे सिमेंटने घासून गुळगुळीत झालेत, ओल्या हातातून तो साबणासारखा निसटतो, म्हणून तिला भीती वाटते. गेल्या आठवड्यात सामना चालू असताना ती बाकावर माझ्या शेजारी होती. आमच्या गार्डने मूठ वर केली. ही पुटपुटली, ‘‘ताई, रिया आत सरकलीये. पास जाणार नाही.’’

पास गेला नाही.

आज मी तिच्या हातात बॉल दिलाय. तिने शर्टाला हात पुसले. पहिला टप्पा, दुसरा, नजर खालीच. मधली रेषा जवळ आली तशी मान वर झाली. उजव्या कोपऱ्यात कुणीतरी चार पावलं आत आली होती.

‘‘बाहेर! बाहेर थांब!’’

एवढ्याशा अंगातून एवढा मोठा आवाज निघाल्यावर पलीकडच्या रस्त्यावरचा दूधवालाही थांबून बघायला लागला.