उद्यमबागेतले जुने पीसी शाळेत कसे जातात

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं हे ऑफिस. नवे पीसी आलेत आणि जुने जिन्याखाली थप्पी लावून ठेवलेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या या मशीनना विंडोज ११ काय चालत नाही. मालक म्हणाले, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेला देऊन टाकूया.

अकाउंटंट काका म्हणतात, "फॉरमॅट मारलंय की ओ, आणि काय पायजे?"

गोम तिथंच आहे. क्विक फॉरमॅटनं फक्त फायलींची यादी जाते. टॅलीचा डेटा, पगारपत्रक, कामगारांच्या आधारचे स्कॅन, सगळं डिस्कवर तसंच पडून असतं आणि फुकटातलं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकून कुणी पण ते वर काढू शकतंय.

म्हणून हा पेनड्राइव्ह. यात श्रेडओएस ही डिस्क पुसायचीच सिस्टीम आहे, त्यातला एनवाइप हा प्रोग्राम अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत सुटतो. पूर्वी ३५ वेळा पुसा म्हणायचे, पण आजच्या हार्डडिस्कला एकदा पुरतंय. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात आणि मधेच लाईट गेली की पहिल्यापासून सुरू, त्यामुळे यूपीएस असलेला बराच.

एसएसडीचं, म्हणजे चिपवाल्या डिस्कचं गणित वेगळं. ती काही ब्लॉक राखून ठेवते, वरून लिहिलेलं तिथपर्यंत पोचतच नाही, मग तिला तिचीच सिक्युअर इरेज कमांड द्यायची, बायोसमधून (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधून) नायतर लिनक्सच्या एचडीपार्म कमांडनं. काम मिनिटांत होतंय. बॅड सेक्टरवाली, म्हणजे काही भाग खराब झालेली डिस्क मात्र सरळ ड्रिल मशीनखाली, फाउंड्रीत त्याची काय कमी!

काहीजण भीतीपोटी डिस्क काढूनच डबा दान करतात. शाळेनं डिस्क आणायची कुठल्या पैशानं?

आता विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम टाकायची, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली, ४ जीबी रॅमवर निभावतंय. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, तोही बदलायचा, तो मेला की घड्याळ मागं जातं आणि वेबसाइट उघडेनात. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या अक्षरमांडणीचा ठेवायचा. त्यात मराठी क आणि कन्नड ಕ एकाच बटणावर, आणि इथल्या पोरांना तर दोन्ही लिहायचंय.

निघताना काका प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर, पुसल्याची तारीख वहीत लिहितात, हेडमास्तरांची सही घेतात. उरलेला मोडका माल रजिस्टर्ड ई-वेस्ट रिसायकलरकडं जाणार. टेम्पो भरला, पण मॉनिटर जोडायच्या व्हीजीए केबलीची पिशवी अजून जिन्याखालीच हाय, कुणीतरी पळा.