हसायचं ते प्रेक्षकांनी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बॅटमॅनविषयी बोलायचं आहे. पण कुठल्या बॅटमॅनविषयी, ते आधी सांगतो. अंधारात उभा राहून घोगऱ्या आवाजात धमक्या देणारा बॅटमॅन आपल्या घरातल्या मुलांना पाठ आहे, त्याची ओळख करून द्यायला नको. मी सांगणार आहे १९६६ सालच्या बॅटमॅनबद्दल. राखाडी पोशाख, निळी झूल, कमरेला पिवळा पट्टा, आणि आजूबाजूला लख्ख ऊन! अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर १२ जानेवारी १९६६ ला ही मालिका सुरू झाली आणि १९६८ च्या मार्चमध्ये संपली. एकूण १२० भाग. बॅटमॅन होता ॲडम वेस्ट, त्याचा तरुण साथीदार रॉबिन होता बर्ट वॉर्ड.

बॅटमॅनची मूळ गोष्ट दुःखाची आहे. मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात तो पहिल्यांदा आला. चित्रं बॉब केनची, लेखन बिल फिंगरचं. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांचा खून होतो आणि तो मुलगा मोठा होऊन गुन्हेगारांच्या मागे लागतो. आता अशा गोष्टीतून हसू कसं काढायचं?

ते काढलं विल्यम डोझियर या निर्मात्यानं. वाहिनीनं त्याच्याकडे बॅटमॅन सोपवला तेव्हा या गृहस्थानं जन्मात कॉमिक वाचलेलं नव्हतं. त्यानं बॅटमॅनचे अंक विकत घेतले आणि विमानात मांडीवर घेऊन वाचले. आधी त्याला वाटलं, वाहिनीवाल्यांना वेड लागलंय. मग त्याला वाट सापडली. हे सगळं इतकं मनापासून, इतकं गंभीरपणे करायचं की मुलांना ते खरंखुरं साहस वाटेल आणि शेजारी बसलेले त्यांचे आईवडील पोट धरून हसतील. लेखक निवडला लोरेंझो सेंपल. तो तेव्हा स्पेनमध्ये राहत होता, डोझियर त्याला भेटायला तिथवर गेला.

नियम एकच. हसायचं ते प्रेक्षकांनी, नटांनी नाही. पुन्हा सांगतो, कारण सगळं यावरच उभं आहे. हसायचं ते प्रेक्षकांनी, नटांनी नाही.

बबन प्रभूंचे फार्स ज्यांनी रंगमंचावर पाहिले असतील, त्यांना हे वेगळं समजावून द्यायला नको. दाराआड लपलेल्या माणसाला खरंच घाम फुटलेला असला पाहिजे. तो प्रेक्षकांकडे बघून जरा जरी मिशीत हसला तरी फार्स तिथंच बसतो. आणि मी तर म्हणेन, हल्ली विनोदी कार्यक्रमांत नटच एकमेकांच्या वाक्यांवर खिदळतात, ते थांबलं पाहिजे. आम्ही हसायला बसलोय ना? आमचं काम आम्हाला करू द्या.

तर ॲडम वेस्ट. या माणसाचं बोलणं ऐका. एकेक शब्द तोलून, मध्ये थांबून, जणू प्रत्येक वाक्यावर शहराचं भवितव्य अवलंबून आहे. गुन्हेगार पळून चाललेला असतानाही तो गाडीतला पट्टा बांधायला विसरत नाही आणि रॉबिनलाही विसरू देत नाही. पहिल्याच भागात तो तपासासाठी नाचगाण्याच्या क्लबात शिरतो. रॉबिन वयानं लहान, म्हणून त्यानं बाहेर गाडीत थांबायचं. आणि आत जाऊन बॅटमॅन काय मागवतो? संत्र्याचा ताजा रस, मोठा ग्लास. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

चित्रीकरणाच्या युक्त्याही तशाच साध्या आणि चोख. बॅटमॅन आणि रॉबिन दोर धरून उंच इमारतीची भिंत चढतात, ते दृश्य आठवा. ती भिंत जमिनीवर आडवी टाकलेली असायची. कॅमेरा कुशीवर वळवायचा आणि दोघांनी वाकून, दोर ओढत, धापा टाकत जमिनीवरूनच चालायचं. झूल भिंतीच्या दिशेनं पडू नये म्हणून ती दोऱ्यांनी मागे ओढून धरलेली. मध्येच एखादी खिडकी उघडून कुणीतरी नामांकित माणूस डोकं बाहेर काढणार आणि दोन शब्द बोलून आत जाणार. जेरी लुईस असा आला, सॅमी डेव्हिस ज्युनियर आला. एकदा तर ब्रूस ली डोकावून गेला. तेव्हा तो 'द ग्रीन हॉर्नेट' या दुसऱ्या मालिकेत नायकाच्या साथीदाराचं, केटोचं काम करत होता. खलनायकांचा अड्डा दाखवताना कॅमेरा तिरका धरायचा, कारण माणसंच वाकडी. मारामारीत ठोसा बसला की पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत त्याचा आवाज उमटायचा, थेट कॉमिकच्या पानासारखा. आणि जोकर या खलनायकाचं काम करणाऱ्या सीझर रोमेरोनं मिशी काढायला साफ नकार दिला, तेव्हा मिशीवरूनच पांढरा रंग फासला. नीट पाहिलंत तर दिसते ती मिशी.

आणखी एक गोष्ट मला रेडिओवरचा माणूस म्हणून सांगितलीच पाहिजे. या मालिकेचा निवेदक. बुधवारी बॅटमॅन संकटात सापडायचा आणि सुटका गुरुवारी व्हायची. मधल्या एका रात्रीसाठी प्रेक्षकाला टांगून ठेवायचं काम एका आवाजाचं. तो आवाज स्वतः डोझियरचाच! घाईचा, खणखणीत, पण शब्द न् शब्द कळणारा. हल्ली बातम्या देणारे ओरडतात. ओरडल्यानं उत्कंठा वाढत नाही हो, कान बंद होतात. आवाज चढवावा, पण वाक्याचा शेवट गिळू नये. असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

मालिका गाजली, म्हणून त्याच वर्षी उन्हाळ्यात तिचा चित्रपट आला. दिग्दर्शक लेस्ली मार्टिनसन, लेखक पुन्हा सेंपल. चार खलनायक एकत्र आलेले: जोकर, पेंग्विन, रिडलर आणि कॅटवुमन. त्यांचा बेत असा की जगातल्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींमधलं पाणी शोषून घ्यायचं आणि त्यांची भुकटी करून पळवायची. याच चित्रपटात शार्क माशाला पळवून लावणारा फवारा आहे. बॅटमॅन हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकलेला, पायाला शार्क, आणि रॉबिन फवारे काढतो. पण सगळ्या जलचरांना एक फवारा नाही! देवमाशाचा वेगळा, शार्कचा वेगळा, प्रत्येकावर नाव लिहिलेलं. अशी शिस्त.

पण मला सांगायचा आहे तो बॉम्ब.

बंदरावर एक दारूचा गुत्ता आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर खलनायकांचा अड्डा. बॅटमॅन आणि रॉबिन तिथं पोचतात, तर पाखरं उडालेली, आणि मागे राहिलाय एक बॉम्ब. कसा? काळा, गोल, भला मोठा, आणि वर सुरसुरत जळणारी वात. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटवून आपण मागे पळतो ना, तशी ती वात. फक्त इथं पळायचं बॉम्ब हातात घेऊन.

बॅटमॅन तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो आणि जिना उतरून गुत्त्यात येतो. ओरडतो, बाहेर पडा, बॉम्ब आहे! सगळे पळतात. दोन बायका मात्र टेबलाशी खात बसलेल्या. त्या काही उठत नाहीत. त्यांचं जेवण चाललंय. मग तिथं बॉम्ब ठेवता येत नाही. बॅटमॅन बाहेर धक्क्यावर येतो.

धक्क्यावर पळत सुटतो. वात सुरसुरते आहे. एका बाजूला फेकायला जावं, तर समोर जोगिणी, चर्चमधल्या, शांतपणे चाललेल्या. तिकडे फेकता येत नाही. वळतो. दुसऱ्या बाजूला पळतो, तर एक आई बाळाची गाडी ढकलत येते आहे. तिकडेही नाही. वात सुरसुरते आहे. पुन्हा वळतो, तर कुठल्याशा धर्मादाय मंडळाचा बँड वाजवत येतो आहे, ढोल, कर्णे, सगळं साग्रसंगीत. त्यांना काही दिसतही नाही. पुन्हा वळतो.

मग त्याच्या लक्षात येतं, बाजूला समुद्र आहे की! पाण्यात टाकावा. कठड्याशी जातो, बॉम्ब उचलतो, खाली बघतो. खाली होडीत एक तरुण आणि एक तरुणी, एकमेकांच्या मिठीत. नाही टाकता येत. दुसऱ्या कठड्याशी धावतो. बॉम्ब उचलतो. खाली बघतो. खाली माणूस नाही, होडी नाही. खाली बदकं. आई आणि तिची पिल्लं, ओळीनं पोहत चाललेली.

श्रोतेहो, तो थांबतो.

वात संपत आलेली, डोक्यावर बॉम्ब, आणि हा माणूस बदकांसाठी थांबतो. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून तो जे बोलतो त्याचा मतलब एवढाच की काही दिवस असेच उगवतात, बॉम्ब टाकायला जागा म्हणून मिळत नाही. आवाजात तक्रार नाही. विनोद केल्याचा मागमूस नाही. हसायचं ते प्रेक्षकांनी. आणि प्रेक्षक काय हसतात म्हणून सांगू!

हे सगळं कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावच्या स्टर्न्स व्हार्फ या धक्क्यावर चित्रित झालं. उघड्यावर, भर दिवसा, पायाखाली लाकडी फळ्या. त्यामुळे ॲडम वेस्टचं ते पळणं खरं वाटतं. वळताना झूल उडते, पाय जरा घसरल्यासारखे होतात, पण बॉम्ब डोक्यावर तसाच. मला त्या पळण्यात फार मोठा नट दिसतो. फजिती झालेला माणूस सगळेच दाखवतात. इथं फजिती पूर्ण आहे आणि माणसाची आब तसूभर कमी होत नाही. दोन्ही एकदम दाखवणं अवघड.

आणि दृश्य अजून संपलेलं नाही. मोठा स्फोट होतो. धूर. रॉबिन धावत येतो, त्याला वाटतं बॅटमॅन गेला. इतक्यात काही नळकांड्यांच्या आडून बॅटमॅन उठून उभा राहतो, धडधाकट. रॉबिन म्हणतो, त्या गुत्त्यातल्या दारुड्यांसाठी जीव धोक्यात घातलात? बॅटमॅन त्याला सांगतो की ते पीत असतील, पण तीही माणसंच आहेत, सुधारू शकतात. हेही तितक्याच गंभीरपणे. मुलाला शिकवावं तसं.

आता मला सांगा, या माणसाला पोकळ म्हणायचं? पुष्कळ जण म्हणतात. म्हणतात, या मालिकेनं बॅटमॅनचं हसं केलं. कॉमिक मनापासून वाचणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षं या मालिकेवर रागावलेले होते. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पुढच्या काळोख्या चित्रपटांत शहरंच्या शहरं कोसळतात, पुलावरून गाड्या खाली पडतात, आणि त्यात बसलेल्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. इथं मात्र बदकांच्या पिल्लांचा हिशेब आहे. जोगिणी, बाळ, बँडवाले, होडीतलं जोडपं, गुत्त्यातले दारुडे, बदकं, सगळ्यांचा. हलकंफुलकं केल्यामुळेच एवढ्या सगळ्यांना जागा मिळाली. मी मुलांना बॅटमॅन दाखवायचा झाला तर हाच आधी दाखवीन. आणि तो काळोखाचा सोसही जरा आवरा. दिवाणखान्यातला दिवा घालवल्याशिवाय चित्रपट दिसू नये, हे कसलं चित्रीकरण?

२०१३ पासून याच मालिकेच्या जगावर 'बॅटमॅन ६६' नावानं कॉमिकही निघालं, लेखक जेफ पार्कर. म्हणजे कॉमिकवरून मालिका आणि मालिकेवरून पुन्हा कॉमिक. मिळालं तर वाचा. वाचा म्हणतो मी. हल्ली लोक अंक विकत घेतात, प्लॅस्टिकमध्ये बंद करतात आणि भाव वाढायची वाट बघतात. कागदाला हात लावा हो, त्यासाठीच छापलाय.

आणि आता ते नाव. बिल फिंगर. बॅटमॅनच्या दुःखाची गोष्ट ज्यानं लिहिली, तो. अंकांवर वर्षानुवर्षं फक्त बॉब केनचं नाव छापलं जायचं. फिंगर १९७४ साली गेला, आणि बॅटमॅनच्या निर्मितीत त्याचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं. पण ऑक्टोबर १९६६ मध्ये या टिंगलखोर म्हणून हिणवलेल्या मालिकेत क्लॉक किंग नावाच्या खलनायकाची दोन भागांची गोष्ट आली. घड्याळांचा वेडा असलेला चोर. ती गोष्ट चार्ल्स सिंक्लेअर आणि बिल फिंगर यांनी मिळून लिहिली होती. ज्यानं काळोखातला बॅटमॅन लिहिला, त्यालाच हा उन्हातला बॅटमॅनही लिहावासा वाटला. आणि तिथं लेखक म्हणून त्याचं नाव पडद्यावर आलं.

तेव्हा हे दोन भाग कुठं पाहायला मिळाले, तर नामावली पुढे ढकलू नका. थांबा, नाव वाचा, आणि मग गोष्ट बघा. नमस्कार.