एका छत्रीची वाण

मंडळी, आज 1 ऑगस्ट. टिळक मुंबईत वारले ती तारीख 1 ऑगस्ट 1920, आणि वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, जन्माला आला तीही तीच. सकाळी चौकात हार घालून, डीजे ऐकून तुम्ही इथं आला आहात. अण्णाभाऊ शाळेत दीड दिवस टिकले आणि मुंबईला चालत गेले, हे तिथं चार वक्त्यांनी सांगून झालंय. मी ते परत उगाळत नाही. फोटोखाली आपण 'लोकशाहीर' असं मोठ्या अक्षरात लिहितो ना, त्यातल्या शाहिराबद्दल मला बोलायचंय. त्याच्या कसबाबद्दल.

अण्णाभाऊ तमाशा लांबून बघणारे नव्हते. नात्यातल्याच बापू साठ्यांच्या फडात त्यांनी उमेदवारी केलेली. त्यामुळे फडाचा साचा अंगात भिनलेला: आधी गण म्हणजे वंदन, मग गवळण म्हणजे कृष्णानं गौळणींची वाट अडवणं, बतावणी म्हणजे विनोदी संवाद आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य नाट्य. पुढं मुंबईत गिरणीतलं काम आलं, काम सुटल्यावर माटुंग्याचा लेबर कॅम्प आला, तिथं लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची, माणसं भेटली. पहिलं गाणं त्यांनी लिहिलं ते कॅम्पातल्या डासांवर, असं सांगतात. मला हे फार आवडतं. क्रांती पुढं होईल तेव्हा होईल, आज रात्री झोपू न देणारा शत्रू डास आहे!

1944 साली अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णाभाऊ या तिघा शाहिरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. आता बघा, पक्षाचा प्रचारच करायचा तर सोपी वाट होती. जुना तमाशा आहे तसा ठेवायचा आणि वगात चार घोषणा घुसडायच्या. पुष्कळांनी तेच केलं, आजही करतात. अण्णाभाऊंनी साच्यालाच हात घातला. गणात गणपतीच्या जागी मायभूमीला, शिवबाला वंदन आलं. गवळण काढून टाकली. बाईनं नुसतं वाट अडवून घ्यायला आणि चेष्टा सोसायला बोर्डावर उभं राहायचं, हे त्यांना नको होतं. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण सावकाराला सगळ्यांदेखत वेडं ठरवायचं काम त्याच्याशिवाय कुणाला जमणार? 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे' ही लोकनाट्यं या मुशीतून निघाली. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना या कार्यक्रमांवर बंदी आली. टाळ्या पडून विसरली जाणारी करमणूक असती, तर सरकार कशाला घाबरलं असतं?

आता थोडं 'माझी मैना'पाशी थांबू या. अण्णाभाऊंचं हे गाणं आपण इतकं ऐकलंय की ऐकेनासेच झालोय. छक्कड आहे, म्हणजे बांधणी लावणीची. गडी मुंबईला आलाय, बायको, त्याची मैना, गावाकडं राहिलीय. आधी मैनेचं कौतुक, मग ताटातूट, मग मुंबई. त्या मुंबईत हडसनची गाडी आहे, नायलॉनची तलम साडी आहे, माडीवर माडी आहे. यादी अशी धावत सुटते की गाणाऱ्याला दम घ्यायला जागा नाही. आणि त्या धबडग्यात गडी आपल्या खिशाबद्दल सांगतो. खिसे भरलेत, पण पावसाच्या पाण्यानं. वाण, म्हणजे उणीव, आहे ती एका छत्रीची. गिरणीवाल्यांचा नफा, मजुरी, महागाई यांतला एक शब्द नाही. एक छत्री, बस्स. लालबाग-परळच्या ज्या माणसानं पावसाळा भिजत काढलाय, त्याला आणखी काय सांगायचं असतं?

इथवर ही विरहाची लावणी आहे. आणि मग, मान वळवावी इतक्या सहज, ती संयुक्त महाराष्ट्राची होते. मैना भेटत नाही, तशीच गत खंडित महाराष्ट्राची: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या हाती. 1956 च्या नोव्हेंबरात बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेलं होतं. सीमाप्रश्नावर तेव्हा अग्रलेख कमी लिहिले गेले नाहीत. पण कामगाराला कारवारशी काय देणंघेणं? अण्णाभाऊंनी त्याच्याच बायकोला मध्ये उभं केलं, आणि नकाशा त्याच्या घरात आला. अमर शेखांचा तो पहाडी आवाज, पुढं हजारोंचा समुदाय. अशा वेळी गाणं कळावं लागत नाही.

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. 1958 साली दादरच्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर तरली आहे, असं त्यांनी सांगितलं. 1959 ची 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. 1961 साली रशिया पाहिला. स्टालिनग्राडचा पोवाडा त्याआधीच गाऊन झाला होता! एवढं होऊनही घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी कितीतरी वर्षं सुटली नाही. 18 जुलै 1969 ला गोरेगावात ते गेले, पन्नाशीही न गाठता. त्या शेवटच्या वर्षांबद्दल गहिवरून बोलणारे पुष्कळ आहेत, मी त्यांत भर घालत नाही.

आमचे ढोलकीवाले मघापासून पुड्यावर थाप मारून खुणावतायत. या, बसा पुढं. आता मैना होईल. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, शिट्टी आली तरी चालेल. छत्रीची ओळ आली की मात्र जरा गप्प बसा.