कॅबिनेटच्या आधी हवा

(दृश्य: अंबड, सकाळ. मागे पांडवलेणीचा डोंगर. गाळ्यांची रांग, टेम्पोतून क्रेट उतरताहेत.)

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सकाळची पाळी लागली की गाळ्यागाळ्यासमोर असे टेम्पो उभे राहतात. या क्रेटमध्ये लोखंडी ब्रॅकेट आहेत, लेझर कटिंगवरून आलेल्या क्लिपा आहेत, अ‍ॅल्युमिनियमच्या डायकास्ट हाउसिंग आहेत. वेगळ्या पिशवीत स्टेनलेसच्या व्हॉल्व्हचे भाग आहेत. सगळे जॉब तळहातावर मावतील एवढेच. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांना लागणारा हा बारीक माल छोट्या शेडमधून तयार होतो आणि पावडर कोटिंगला, म्हणजे भुकटीचा रंग चढवायला, जाण्याआधी त्याला ब्लास्टिंग लागतं, म्हणजे हवेच्या जोराने कठीण दाणे मारून पृष्ठभाग साफ करावा लागतो.

(दृश्य: एकच ब्रॅकेट, जवळून. अर्धा झाकून ब्लास्ट केलेला.)

हा ब्रॅकेट बघा. डावी बाजू आली तशी आहे. रोलिंग मिलमधली निळसर काळी खपली, वेल्डिंगच्या कडेला भाजल्याचा पट्टा, कोपऱ्यात गंज. उजवी बाजू सगळीकडे सारखीच राखाडी, उजेडात धरली तरी चमकत नाही. नख फिरवलं की खरखर लागते. पावडर धरते ती या खरखरीला. खपलीवरच रंग मारला, तर रंग खपलीला चिकटतो, आणि उद्या खपली लोखंडाला सोडते तेव्हा रंगासकट सोडते.

आता हे काम गाळ्यात करायचं ठरलं, की माणूस पहिल्यांदा कॅबिनेट बघायला निघतो. पत्र्याचा डबा, समोर काच, दोन हातमोजे, आत दिवा. किंमत विचारतो, घासाघीस करतो, घेऊन येतो. आणि मग गाळ्यातल्या जुन्या कॉम्प्रेसरला पाइप जोडतो. आमचं म्हणणं आहे की खरेदीची सुरुवात उलट्या टोकाने व्हायला हवी. ब्लास्टिंगचं काम हवा करते. डबा फक्त ते झाकून ठेवतो.

(दृश्य: गन सुटी केलेली, टेबलावर. आतला जेट, बाहेरचं नोझल.)

छोट्या कॅबिनेटमध्ये बहुतेक ठिकाणी ही सक्शन गन असते. हिच्यात दोन भोकं आहेत. आतला हा जेट, यातून हवा सुटते. बाहेरचं हे नोझल, यातून हवा आणि मटेरियल, म्हणजे मारायचे दाणे, मिळून बाहेर पडतं. जेटमधून हवा वेगाने निघाली की गनच्या पोटात ओढ तयार होते आणि खालच्या हॉपरमधून, म्हणजे दाण्यांच्या साठ्यातून, दाणे नळीवाटे वर खेचले जातात. नोझलचं भोक साधारण जेटच्या दुप्पट ठेवतात. जेट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर नोझल दोन सूत. हवेचा हिशेब जेटवरून करायचा.

एक सुती भोकातून साडेपाच किलो दाबावर, म्हणजे साधारण ८० पीएसआयला, मिनिटाला सुमारे १७ घनफूट हवा जाते. दीड सूत केलं की ३८. दोन सूत केलं की ६८. भोकाचा व्यास दुप्पट झाला की हवा चौपट लागते. आता गाळ्यातल्या कॉम्प्रेसरकडे या.

(दृश्य: कॉम्प्रेसरची नेमप्लेट. मग प्रेशर गेजचा काटा, गन चालू असताना खाली येत जाणारा.)

५ एचपीच्या पिस्टन कॉम्प्रेसरवर जो सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा याचा, आकडा छापलेला असतो, तो बऱ्याचदा पिस्टनच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो. प्रत्यक्ष टाकीबाहेर मिळणारी हवा त्याहून कमी असते. तो आकडा वेगळा विचारून घ्यायचा, त्याला एफएडी, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, म्हणतात. ५ एचपीला तो मिनिटाला १६ ते २० घनफुटांच्या आसपास पडतो. म्हणजे एक सुती जेट कसाबसा भागतो. दीड सुतीचा घातला तर काय होतं, ते हा काटा दाखवतोय. गन दाबली तेव्हा सात किलो होते. आता पाच. आता साडेतीन. दाणे गनमधून येताहेत, पण त्यांच्यात जोर उरलेला नाही. ऑपरेटर त्याच जागेवर गन धरून उभा आहे आणि कॉम्प्रेसर मिनिटभरही थांबत नाही. पिस्टन कॉम्प्रेसरला मध्ये विसावा लागतो. दिवसभर ब्लास्टिंग असेल तर स्क्रू कॉम्प्रेसर घ्यावा. ते परवडत नसेल तर जेट लहान घ्यावा आणि वेळ जास्त द्यावा, यात कमीपणा काही नाही.

कॅबिनेटची दुसरी जात प्रेशर पॉटची. तिच्यात मटेरियल दाबाच्या टाकीत भरतात आणि ते हवेबरोबर ढकललं जातं. सक्शनपेक्षा तीन-चार पट झपाट्याने काम होतं. जाड खपली असेल, खोल भोकं असतील, तर ती घ्यावी. पण तिला हवा जास्त लागते, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. हातात मावणाऱ्या जॉबला बहुतेक वेळा सक्शन पुरते. बोल्टासारखा माल पोत्याने येत असेल तर टंबलर मशीन वेगळं असतं. त्यात हवा नसते, फिरतं चक्र शॉट, म्हणजे धातूच्या बारीक गोळ्या, फेकतं.

(दृश्य: आषाढातली सकाळ, शेडच्या पत्र्यावर पाऊस. रिसीव्हरखालचा, म्हणजे हवेच्या टाकीखालचा, ड्रेन उघडतात, पाण्याची धार बादलीत.)

"मामा, ड्रेन सोडला का?"

"सोडला शेठ. अजून येतंय."

नाशिकच्या पावसाळ्यात हवेतच एवढं पाणी असतं, की ५ एचपीचा कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी साठतं. ते टाकीत थांबलं तर बरं. पुढे गेलं तर हॉपरमधलं मटेरियल ओल्या पिठासारखं गोळे धरतं. मग गन फुसफुसते, थांबते, एकदम भसकन सोडते. जॉबवर पट्टे उमटतात. ऑपरेटर गन आपटतो, नळी हलवतो, आणि दोष मटेरियल विकणाऱ्याला देतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. फक्त तो जागच्या जागी बसवावा लागतो. वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटवून लावला की त्याचा उपयोग जवळजवळ संपतो, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात त्यातून निघून जातं. लाइन आधी लांब फिरवायची, हवा गार होऊ द्यायची, आणि सेपरेटर कॅबिनेटजवळ लावायचा. इथे बघा, मुख्य पाइपाला उतार दिलाय आणि कॅबिनेटकडे जाणारी फांदी पाइपाच्या वरच्या अंगाने काढून खाली वळवलीय. पाणी तळाशी वाहत टोकाच्या ड्रेनकडे जातं, फांदीत शिरत नाही. हे काम इथल्याच प्लंबरने केलंय. जून ते सप्टेंबर रोजचं काम असेल तर हवा गार करून पाणी काढणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्यावाच.

(दृश्य: चार डबे ओळीने. मूठभर मटेरियल तळहातावर.)

आता दाणे. तपकिरी दिसतंय ते ब्राऊन अ‍ॅल्युमिना. टोकदार आणि फार कठीण. खपली काढायला आणि पावडरसाठी खरखर द्यायला हेच. पांढरे, गोल, साखरेहून बारीक आहेत ते काचेचे मणी, ग्लास बीड. हे धातू कापत नाहीत, ठोकून गुळगुळीत करतात. स्टेनलेसला आणि अ‍ॅल्युमिनियमला जी मऊ, एकसारखी झाक येते ती यांचीच. ग्लास बीडला तीन-चार किलो दाब पुष्कळ झाला. जास्त दिला की मणी फुटतात, टोकदार चुरा होतो, झाक जाते आणि धूळ वाढते. तांबूस आहे ते गार्नेट. चौथ्या डब्यात स्टील ग्रिट, ते लोखंडापुरतंच. स्टेनलेसवर मारलं तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि काही दिवसांत स्टेनलेसवर गंजाचे ठिपके दिसतात. ज्या मटेरियलने आधी लोखंड साफ केलंय, त्यानेही तेच होतं. म्हणून स्टेनलेसचा डबा वेगळा. अ‍ॅल्युमिनियमची धूळ पेट घेणारी असते, तीही लोखंडाच्या धुळीत मिसळू द्यायची नाही.

मधूनच भांडी बाजारातून कुणी घरची पितळी समई घेऊन येतं. तिला ब्राऊन अ‍ॅल्युमिना लावू नये. कोरलेल्या पाकळ्यांच्या कडा बोथट होतात. बारीक ग्लास बीड, कमी दाब, आणि आधी बुडाखाली एका कोपऱ्यात मारून मालकाला दाखवायचं. जुन्या पितळेचा रंग एकदा उडाला की परत येत नाही.

(दृश्य: जुनं नोझल, आरपार. ड्रिलची शेपटी घालून मोजतात.)

नोझलही झिजतं. सिरॅमिकचं स्वस्त असतं आणि लवकर जातं. टंगस्टन कार्बाइड टिकतं, बोरॉन कार्बाइड त्याहून जास्त. मोजायची रीत ही अशी. नवीन दोन सुती नोझलमध्ये दोन सुती ड्रिलची शेपटी जेमतेम जाते. या नोझलमध्ये अडीच सुतीची शेपटी हलतेय. भोक अंडाकृती झालंय, झोत पसरतो आणि सक्शनची ओढ उतरते. प्रेशर पॉटवर एवढी झीज झाली तर हवा दीडपट खर्च होते. वीजबिल वाढतं, काम मात्र मंदावतं.

(दृश्य: हातमोजे, गन, काचेतून दिसणारा जॉब.)

जॉब आत जाण्याआधी तेल-ग्रीस धुऊन काढायचं, नाहीतर सगळं मटेरियल तेलकट होतं. आटे आणि बेअरिंगची बैठक रबरी बुचाने किंवा टेपने झाकायची. गन जॉबपासून चार ते सहा इंचांवर, किंचित तिरकी. सरळ समोरून धरली की उडालेले दाणे येणाऱ्या दाण्यांवर आदळतात. पातळ पत्र्यावर एकाच जागी रेंगाळलं की पत्रा वाकतो. बारीक जॉब जाळीच्या टोपलीत ठेवायचे, म्हणजे झोताने उडून हॉपरमध्ये पडत नाहीत. कॅबिनेटला अर्थिंग हवं. सुके दाणे नळीतून घासत जातात तेव्हा वीज साठते आणि ऑपरेटरच्या मनगटाला चटका बसतो.

(दृश्य: काच, ब्लोअर बंद. आत धुकं. मग ब्लोअर चालू, धुकं ओसरतं.)

ही हवेची दुसरी बाजू. कॅबिनेटमध्ये जितकी हवा सोडतो त्याहून जास्त बाहेर ओढली गेली पाहिजे, म्हणजे दाराच्या फटीतून हवा आत येईल, धूळ बाहेर येणार नाही. स्वस्त कॅबिनेटमध्ये पैसे वाचवतात ते इथेच. कधी मागे एक कापडी पिशवी बांधलेली असते, कधी तीही नसते. चांगल्या कॅबिनेटला सायक्लोन असतो. जड, चांगले दाणे तो हॉपरला परत देतो आणि बारीक भुकटी फिल्टरकडे पाठवतो. ब्लास्टिंग थांबलं तरी आतली हवा निवळेपर्यंत ब्लोअर चालू ठेवायचा आणि मगच दार उघडायचं. जॉब बाहेर आणून हवेच्या गनने झाडायचा नाही. फिल्टरचा डबा रिकामा करताना मास्क लावायचा, तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही.

आणि वाळू वापरायची नाही. अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा मटेरियल वाळूच होतं. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ती बंद केली. वाळूतलं सिलिका फुटून फुफ्फुसात जातं आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्यापासून तो सरकारला कळवावा लागणारा आजार आहे.

(दृश्य: ब्लास्ट झालेले ब्रॅकेट, कापडी हातमोज्यांनी क्रेटमध्ये. टेम्पो.)

ब्लास्ट झालेल्या लोखंडाला उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटांचे ठसे गंजून वर येतात. पावसाळ्यात माल त्याच पाळीत कोटिंगला पोचला पाहिजे.

कॅबिनेट बघायला जाल तेव्हा क्रेटमधले चार जॉब सोबत न्या, सर्वांत वाईट असतील ते. विकणाऱ्याला त्यांच्यावरच मशीन चालवून दाखवायला सांगा. एफएडी किती लागेल, ते कागदावर लिहून घ्या. सलग दहा मिनिटं गन चालू ठेवा. काचेतून जॉब दिसतोय का, दाराच्या फटीवर धूळ बसतेय का आणि गेजचा काटा कुठे थांबतोय ते बघा. भाव त्यानंतर विचारा.