मावशीचा एक्स-रे क्लीन होता

(दृश्य: गोव्यात वाळपईच्या पुढचं एक गाव, पावसाळ्याची पहाट, गोठा)

हा गोठा बघा. जूनमध्ये पाऊस लागला की इथं अंगावरचे कपडे सुकत नाहीत, मग या गवताच्या पेंढ्या कशा सुकणार. वरून कोरड्या वाटतात, पण मधली पेंढी ओढली की भसकन पांढरी धूळ उडते आणि कुबट वास येतो. ती धूळ म्हणजे बुरशी. ही माझी मावशी, वीसेक वर्षं रोज दोन वेळा तिनं ही धूळ नाकातोंडात घेतलीय, आणि आम्हाला कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

तिनं विडी-सिगरेट कधी हातात पण धरली नाही. तरी विहिरीवरनं कळशी आणताना धाप लागायला लागली, कोरडा खोकला काही जाईना. घरी सगळे म्हणाले वय झालं. मग दमा म्हणून पंप झाला, मग टीबीची शंका आली, थुंकी तपासली, काही निघालं नाही, छातीचा एक्स-रे काढला, तो क्लीन. आता एक्स-रे क्लीन म्हटल्यावर आम्ही निर्धास्त झालो आणि त्यात दोन वर्षं गेली. ती दोन वर्षं मला अजून टोचतात.

एक्स-रेत काय होतं, पुढच्या बरगड्या, मागच्या बरगड्या, हृदय, फुफ्फुसं, सगळं एकाच चित्रात एकावर एक पडतं. मच्छरदाणीची घडी घातली तर मधल्या पदरातलं भोक दिसेल का? तसंच. सुरुवातीचा बिघाड त्यात लपून जातो. सीटी स्कॅनमध्ये घडी उलगडते. १९७१ साली लंडनला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला, आणि आजचा एचआरसीटी, म्हणजे जास्त बारकाईचा सीटी, म्हणजे फुफ्फुसाचे साधारण १ मिलिमीटर जाडीचे काप. प्रत्येक ठिपक्याला नंबर असतो, पाणी ०, हवा उणे १०००. उणे ९५० च्या पण खाली गेलेले भाग जास्त दिसले की तिथले हवेचे फुगे फुटून एक झालेत असं समजतात, त्याला एम्फिसीमा म्हणतात, सीओपीडीत, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात त्या आजारात, दिसतो. पण सीओपीडी पक्का होतो तो नळीत जोरात फुंकायच्या टेस्टवर, नुसत्या स्कॅनवर नाही, आणि तो काजूच्या भट्टीच्या किंवा चुलीच्या धुरानंही होतो, सिगरेटच लागते असं नाही.

मावशीचं वेगळं निघालं. पणजीला छातीच्या डॉक्टरांनी पाठीवर अगदी खाली स्टेथोस्कोप लावला, आत कर्र कर्र असा बारीक आवाज होता, कानाजवळ केस चोळल्यावर येतो ना तसा. मग त्यांनी औषधाचं सोडून घराचंच विचारलं. कबुतरं आहेत का, भिंतींना ओल आहे का, गुरं आहेत का. स्कॅनच्या चिठ्ठीवर त्यांनी गवताची धूळ असं स्पष्ट लिहिलं. मला विचाराल तर अर्धं निदान त्या एका ओळीत होतं, कारण स्कॅन वाचणाऱ्याला नक्की काय शोधायचंय ते तिथनं कळतं. डिचोली, सांगे भागात खाणीवर काम केलेल्यांनी पण हे न विचारता सांगावं, दगडाच्या धुळीच्या बारीक गाठी बहुतेक वरच्या भागात दिसतात.

(दृश्य: स्कॅनची खोली, टेबल आत सरकतंय)

आधी श्वास भरून धरायला लावला. मग पालथं झोपवलं, कारण उताणं असताना फुफ्फुसाचा मागचा भाग नुसत्या वजनानं दबून पांढुरका दिसतो, पालथं केल्यावर ते गेलं तर आजार नाही, राहिलं तर आहे. मावशीचं राहिलं. आणि शेवटी म्हणाले, सगळा श्वास सोडा, आता घेऊ नका. मावशीला ते काही सेकंद पण जड गेले.

पण खरी गोष्ट तिथंच दिसली. श्वास सोडला की फुफ्फुस सगळीकडे सारखं करडं व्हायला हवं. हिच्यात मधले मधले तुकडे काळेच राहिले, म्हणजे बारीक नळ्यांत हवा अडकली होती. बाजूला घासलेल्या काचेसारखा धूसर भाग, आणि काही ठिकाणी व्रणाच्या रेघा.

मावसभाऊ लगेच म्हणाला, "स्कोर किती?" कोविडमध्ये आपण सगळे २५ पैकी स्कोर विचारायला शिकलो ना. इथं तसा आकडा नसतो. छातीचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट दोघांनी स्कॅन, फुंकायची टेस्ट आणि गोठा असं सगळं एकत्र बघून नाव दिलं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या अशा धुळीची ॲलर्जीसारखी फुफ्फुसाला येणारी सूज. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी, म्हणजे फुफ्फुसाला सूज येऊन व्रण पडणाऱ्या आजारांच्या, रजिस्ट्रीत १०८४ पेशंट होते, त्यात जवळजवळ निम्म्यांना हेच निघालं होतं.

गोठा सुटला, औषधं सुरू झाली. पुढच्या स्कॅनमध्ये धूसर भाग बराच कमी झाला. रेघा तशाच आहेत, त्या जाणार नाहीत, हे डॉक्टरांनी मावशीला स्वच्छ सांगितलं. सारखा सारखा स्कॅन करायचा नाही, एका सीटीत साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट रेडिएशन असतं, मधे फुंकायच्या टेस्टवर लक्ष ठेवतात. पण पुढचा होईल तेव्हा जुना शेजारी लावून बघतात, रेघा वाढल्या का ते तसंच कळतं.

म्हणून मावशीनं ती फिल्म दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय. पावसात तिला बुरशी लागू नये म्हणून.