क्रिप्टोवाला दिसतो कसा?

मंडळी, क्रिप्टो म्हणजे बिटकॉइनसारखं, फक्त संगणकावर चालणारं चलन. 'क्रिप्टोवाला' म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस उभा राहतो. पंचविशीतला मुलगा, हातात मोबाइल, रात्री दोन वाजता भाव बघणारा, भेटेल त्याला 'घेऊन ठेव, विकू नकोस' म्हणून सांगणारा. दहा-बारा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर दुसराच माणूस उभा राहिला असता, आणि त्याच्याही आधी तिसरा. मला आज या चित्रांबद्दल बोलायचं आहे, कारण माझ्या मते लोकांचे पैसे बुडवायला या चित्रांनी हातभार लावला आहे. माणूस कसा दिसतो हे एकदा मनात पक्कं बसलं की तो आपल्या पैशांचं काय करतो हे आपण विचारत नाही. फसवायला निघालेल्याला हे चांगलं ठाऊक असतं.

पहिल्या माणसापासून सुरुवात करू. १९९२च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात काही प्रोग्रामर आणि गणिती मंडळी एकत्र येऊ लागली. ती स्वतःला सायफरपंक म्हणवून घेत. त्यांचं म्हणणं असं, की उद्या सगळे व्यवहार संगणकावर होणार. तेव्हा आपलं खासगी आयुष्य जपायला सरकार येणार नाही आणि कंपन्याही येणार नाहीत. ती सोय आपणच गणिताच्या आधारे करून ठेवली पाहिजे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानांचा निबंध आला, तो याच विचारांत वाढलेल्या लोकांसमोर. लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकी बँक बुडून तेव्हा दीड महिना झाला होता. ३ जानेवारी २००९ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे त्याच्या हिशेबाचं पहिलं पान, तयार झाला आणि त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा घालून ठेवला होता: ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या बेतात. चावडीवर उघडी ठेवलेली हिशेबाची वही असावी, कुणीही यावं, जमाखर्च ताडून बघावा, पण पान मात्र कुणाला फाडता येऊ नये, अशी ती कल्पना होती.

या मंडळींपैकी हॅल फिनी या माणसापाशी मला थोडं थांबायचं आहे. कॅलिफोर्नियातला बावन्न वर्षांचा प्रोग्रामर. आयुष्यभर ईमेल सुरक्षित करणारी सॉफ्टवेअरं लिहिलेला. १२ जानेवारी २००९ला सातोशीने त्याला दहा बिटकॉइन पाठवले, आणि हा जगातला पहिला बिटकॉइन व्यवहार ठरला. फिनीने आपल्या संगणकावर काही दिवस बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवलं आणि मग बंद केलं. का? संगणक तापत होता आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. त्याच वर्षी त्याला एएलएस हा असाध्य आजार झाल्याचं निदान झालं. चार वर्षांत शरीर जवळजवळ पूर्ण लुळं पडलं, अन्न नळीवाटे, श्वास दुसऱ्या नळीवाटे. तरी नजरेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रातून तो कोड लिहीत राहिला. पूर्वीपेक्षा पन्नासपट हळू होतंय, असा अंदाज त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. आणि लिहीत काय होता? लोकांची बिटकॉइनची पाकिटं अधिक सुरक्षित कशी होतील, त्याचं सॉफ्टवेअर. उपचारांच्या खर्चासाठी त्याने आपले काही बिटकॉइन विकले, बाकीचे मुलांसाठी तिजोरीत ठेवले. २०१४च्या ऑगस्टमध्ये तो गेला. क्रिप्टोचा पहिला चाहता असा होता. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि आजच्या कुठल्याही चित्रात तो दिसत नाही याचं वाईटही वाटतं.

पुढचं चित्र वर्तमानपत्रांनी रंगवलं. २०११मध्ये सिल्क रोड नावाचा छुपा ऑनलाइन बाजार सुरू झाला, तिथे अमली पदार्थ बिटकॉइनवर मिळत. १ ऑक्टोबर २०१३ला तो चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात, समोर लॅपटॉप उघडा असताना पकडलं. बिटकॉइनवाला म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण तेव्हा ठरून गेलं. पण याच तपासातले दोन केंद्रीय अधिकारी बिटकॉइन चोरल्याबद्दल पुढे तुरुंगात गेले, हे किती जणांच्या लक्षात आहे? बिल्ला लावलेला माणूस चोर असेल असं चित्रच कुणाच्या मनात नव्हतं.

२०१७ची तेजी मी लवकर उरकतो. रोज नवं नाणं, रोज नवी वेबसाइट, डिसेंबरात बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ, आणि फोटोत भडक रंगाची लॅम्बोर्गिनी. 'क्रिप्टो ब्रो' तेव्हा जन्माला आला. वर्षभरात भाव कोसळला. चित्र मात्र राहिलं.

आता सॅम बँकमन-फ्राइड. एफटीएक्स या एक्स्चेंजचा, म्हणजे क्रिप्टो नाणी घेण्या-विकण्याच्या बाजाराचा मालक, तिशीच्या आतला. चुरगळलेला टी-शर्ट, अर्धी चड्डी, विस्कटलेले कुरळे केस. अमेरिकी संसदेपुढे साक्ष, मोठमोठ्या नेत्यांबरोबर व्यासपीठ. सगळी कमाई दान करणार म्हणायचा. लॅम्बोर्गिनीवाल्याला विटलेल्या जगाला हा साधा, हुशार, पैशाची फिकीर नसलेला मुलगा फार आवडला. ११ नोव्हेंबर २०२२ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांचे सुमारे आठ अब्ज डॉलर जागेवर नव्हते; ते त्याच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवले गेले होते. खटल्यात त्याच्या जवळच्या सहकारी कॅरोलाइन एलिसन यांनी साक्ष दिली, ती नीट ऐका. त्या म्हणाल्या, आपले केस फार मोलाचे आहेत असं सॅमला वाटायचं. आधीच्या नोकरीत त्या केसांमुळे बोनस जास्त मिळाला, असा त्याचा समज होता. कंपनीने दिलेली महागडी गाडी बदलून त्याने साधी टोयोटा कोरोला घेतली, कारण तिने प्रतिमा चांगली राहते. म्हणजे तो साधेपणा विचारपूर्वक घेतलेला होता. मार्च २०२४मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. मग पुण्याकडे या. २०१५च्या आसपास अमित भारद्वाज नावाचा माणूस गेनबिटकॉइन ही योजना घेऊन फिरत होता. तुमचे बिटकॉइन द्या, आम्ही ते मायनिंगला, म्हणजे संगणक चालवून नवे बिटकॉइन मिळवण्याच्या कामाला लावतो, दरमहा दहा टक्के, अठरा महिने. गुणाकार करून बघा, एकशे ऐंशी टक्के होतात. हे चित्र एफटीएक्सच्या नेमकं उलटं होतं: सूटबूट, हॉटेलातले सेमिनार, व्यासपीठ, 'तज्ज्ञ' म्हणून परिचय. नवीन माणूस आणला की कमिशन, म्हणून साखळी वाढत गेली ती ओळखीपाळखीतून. पुढे बिटकॉइनच्या जागी एमकॅप नावाचं स्वतःचंच नाणं लोकांच्या गळ्यात मारलं, त्याला बाजारात मोल नव्हतं. एप्रिल २०१८मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली. २०२२च्या जानेवारीत तो वारला. गोळा झालेल्या बिटकॉइनची २०१७मधली किंमत सक्तवसुली संचालनालयाने ६,६०० कोटी रुपये धरली आहे. आणि सिल्क रोडसारखंच इथेही घडलं. तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांना, त्यात एक माजी आयपीएस अधिकारी, याच प्रकरणातले बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून २०२२मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली.

अशा योजनेत पैसे घालणाऱ्याचं चित्र कुणी काढत नाही. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस असतो, भाच्याच्या शब्दावर विसंबलेली मावशी असते. पैसे गेले की लोक 'हाव नडली' म्हणून मोकळे होतात, आणि त्या लाजेपायी माणूस पोलीस चौकीची पायरी चढत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात हावरेपणाचा शिक्का फसवलेल्यावर बसावा, हा मला मोठा अन्याय वाटतो.

आपल्या कायद्यानेही एक चित्र काढलंय. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२०ला ते परिपत्रक रद्द केलं. मग २०२१च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दोन षटकांच्या मधे सिनेनट येऊन नाणी घ्या म्हणू लागले. २०२२च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर सरसकट तीस टक्के कर लावला, तोटा वजा करायची सोय नाही, शिवाय एक टक्का टीडीएस. लॉटरीच्या बक्षिसालाही तीस टक्क्यांचाच दर आहे. सरकारच्या लेखी क्रिप्टोवाला कुठल्या रांगेत उभा आहे, ते यावरून कळतं.

आणि आत्ता नव्याने रंगतंय ते चित्र? सूटमधला वयस्क गृहस्थ. ब्लॅकरॉक या बड्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचे प्रमुख लॅरी फिंक २०१७मध्ये बिटकॉइनला काळा पैसा पांढरा करण्याचा निर्देशांक म्हणत होते. जानेवारी २०२४मध्ये त्यांच्याच कंपनीचा बिटकॉइन ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता येणारा बिटकॉइनचा फंड, बाजारात आला. डोनाल्ड ट्रम्प यांना २०२१मध्ये हा घोटाळा वाटत होता, जुलै २०२४मध्ये ते नॅशव्हिलच्या बिटकॉइन परिषदेत भाषण करत होते. प्रतिष्ठा आली खरी. पण ईटीएफ घेणाऱ्याच्या हातात बिटकॉइनची किल्ली, म्हणजे ते खर्च करायला लागणारा गुप्त आकडा, नसते; ती दुसऱ्या कंपनीकडे सांभाळायला असते. हॅल फिनीच्या मित्रांना जो मध्यस्थ नको होता तो परत आला आहे, आणि या नव्या चाहत्याला तोच हवाहवासा वाटतो. मी त्याला दोष देत नाही, किल्ली सांभाळणं सोपं नसतं. फक्त त्याने आपण काय घेतलंय हे समजून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण १८ जुलै २०२४ला मुंबईतल्या वझीरएक्स एक्स्चेंजमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. तिथले ग्राहक ना ब्रो होते, ना गुन्हेगार. केवायसी केलेले, टीडीएस कापून घेणारे, नियमाने वागणारे लोक. चोरीनंतर पैसे काढणं बंद झालं आणि पुढची कारवाई सिंगापूरच्या न्यायालयात गेली, कारण मूळ कंपनी तिथली. नागपूर-नाशिकच्या ग्राहकाला आपल्या नाण्यांचं काय होणार हे सिंगापूरच्या कोर्टाची कागदपत्रं वाचून समजून घ्यावं लागलं. ती कागदपत्रं कशी वाचायची, तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची, हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आता प्रश्नोत्तरांत जरूर विचारा. मी थांबणार आहे.